पावसाळ्यात जुनी गाडी पुन्हा पुन्हा बंद पडते? कार्बोरेटरआधी टाकीचं झाकण बघा

तक्रार अशी. जुनी, कार्बोरेटरवाली मोटारसायकल (कार्बोरेटर म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग). उन्हाळाभर बिनतक्रार चालते. जून लागला, दोन-तीन मोठे पाऊस झाले, की सकाळी किक मारून मारून पोटरी भरून येते. सुरू झालीच तर चोक आत ढकलला की बंद. रस्त्यात झटके देते, चढाला दम टाकते, आणि रिझर्व्हला टाकली की हमखास मरते. मिस्त्रीकडे नेली की तो कार्बोरेटर उघडतो, त्याच्या तळाच्या वाटीतलं पाणी दाखवतो, साफ करून देतो. पंधरा-वीस दिवस बरे जातात. मग परत तेच.

आमच्याकडे हे तीन पावसाळे चाललं. गाडी वडिलांची, २०११ सालची, १०० सीसी. गाव मिरजेजवळ. मी पुण्यात असतो. अण्णा शेतावर जातात तेवढीच ती फिरते, आणि वाटेत चिखल झाला की आठ-आठ दिवस गोठ्याच्या कडेला उभी असते. तिसऱ्या पावसाळ्यात एका हंगामात चार वेळा कार्बोरेटर उघडला. मिस्त्रींचा निकाल ठरलेला: "अण्णा, इथेनॉलचं पेट्रोल आहे हे. हवेतलं पाणी ओढतंय. गाडी काढून टाका, नाहीतर हे असंच चालायचं." अण्णांचा निकाल वेगळा, पंपवाला पाणी घालतो. मिस्त्री निम्मे बरोबर निघाले. अण्णा अजिबात नाही, पण हे त्यांना सांगायची हिंमत मी अजून केलेली नाही.

हवेतून येऊन येऊन किती पाणी येणार?

इथेनॉल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेलं अल्कोहोल, पाणी धरून ठेवतं हे खरंच आहे. साधं पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. इथेनॉल दोघांतही मिसळतं. पण त्यावरून "टाकीतलं पाणी हवेतून आलं" असं म्हणणं ही उडी मोठी आहे. हिशेब करून बघा. ३० अंश तापमानाला, हवा ओलाव्याने अगदी गच्च भरलेली असली तरी एका घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम पाणी मावतं. १० लिटरची टाकी पूर्ण रिकामी धरली तर तिच्यातल्या हवेत फक्त ०.३ ग्रॅम पाणी, म्हणजे पाच-सहा थेंब. दिवसा टाकी तापते, रात्री निवते, तेवढ्यात आत-बाहेर होणारी हवा याच्याही थोड्याच भागाएवढी. झाकण नीट बसलेलं असेल तर या वाटेने चमचाभर पाणी साठायलाही फार दिवस लागतील.

दुसऱ्या बाजूने बघू. १० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल १५ अंशांच्या आसपास अंदाजे अर्धा टक्का पाणी पोटात घेतं आणि तरी स्वच्छ दिसतं. ५ लिटरला २५ मिलिलिटर झाले. २० टक्क्यांच्या मिश्रणाची ताकद याहून जास्त. म्हणजे थोडंथोडं पाणी गेलं तर इथेनॉल ते मुकाट्याने गिळतं आणि इंजिनात जाळून टाकतं. या बाबतीत हे पेट्रोल जुन्या निव्वळ पेट्रोलपेक्षा उलट सोशिक आहे. त्यात तर दोन थेंब गेले तरी ते सरळ तळाला बसायचे. आमच्या टाकीत थर वेगळा पडलेला दिसत होता, म्हणजे कुठून तरी पाणी ओतल्यासारखं आत जात होतं.

आणि इथेनॉल काही काल आलेलं नाही. ५ टक्के इथेनॉल घालून बघायचे पहिले प्रयोग २००१ साली देशात तीन ठिकाणी झाले, उत्तर प्रदेशात बरेलीजवळ आंवला, आणि आपल्याकडे मनमाड आणि चक्क मिरज. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह ९ राज्यांत ५ टक्क्यांची योजना सुरू झाली. अधली काही वर्षं ती रखडत चालली, पण अण्णांनी गाडी घेतली तेव्हा आमच्या भागाला इथेनॉल नवीन नव्हतं. १० टक्क्यांचा टप्पा देशाने जून २०२२ मध्ये गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचं पेट्रोल निवडक पंपांवर आलं, आणि २०२५ मध्ये ते सगळीकडे झालं. गाडीची पावसाळी खोड मात्र त्याच्या आधीची. तारखा जुळत नव्हत्या, आणि माझी शंका तिथूनच सुरू झाली.

बाटलीची परीक्षा

पहिलं काम, खरंच पाणी आहे का ते बघणं. कार्बोरेटरच्या वाटीच्या तळाला एक छोटा स्क्रू असतो. इंजिन थंड असताना खाली काचेची स्वच्छ बाटली धरा, तो स्क्रू सैल करा, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) रिझर्व्हवर उघडा आणि पाव लिटरभर पेट्रोल काढा. हे उघड्यावर करायचं. चूल, बिडी, गोठ्यातला उघडा बल्ब यांपासून लांब. बाटली अर्धा तास हलवू नका.

एकसारखं स्वच्छ दिसलं तर पाणी नाही, किंवा आहे ते विरघळलेलं आहे. पुढे वाचायची गरज कमी. गढूळ, ताकाच्या निवळीसारखं दिसलं तर थर पडण्याच्या बेतात आहे. खाली वेगळा थर आणि मध्ये सरळ रेष दिसली तर निकाल लागला. खालचा थर पाण्याचाच का, अशी शंका असेल तर वरून पाण्याचे चार थेंब सोडा. ते पेट्रोलमधून खाली जाऊन त्या थरात मिसळून गेले की खात्री झाली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण निम्मी भांडणं तिच्यामुळे होतात. तो खालचा थर म्हणजे निव्वळ पाणी नव्हे. थर पडताना पाणी आपल्याबरोबर इथेनॉलही खाली ओढून नेतं. ५ लिटर पेट्रोलमध्ये इथेनॉल एक लिटर असतं, त्यामुळे आत गेलेल्या पाण्यापेक्षा खालचा थर कितीतरी मोठा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, बापरे, एवढं पाणी! आणि तो बाटली घेऊन पंपावर जातो. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंतही हेच असतं. पेट्रोलमध्ये मुद्दाम पाणी घालून हलवतात आणि "बघा, पाणी वाढलं" म्हणून दाखवतात. ८० मिली पेट्रोलमध्ये २० मिली पाणी घातलं तर खालचा थर ३५-३६ मिलीच्या आसपास भरणारच, कारण २० टक्क्यांच्या हिशेबाने त्यात १६ मिली इथेनॉल होतं. त्यातून पेट्रोलमध्ये इथेनॉल किती ते कळतं. भेसळ त्यातून सिद्ध होत नाही.

वर उरलेलं पेट्रोलही आता पहिल्यासारखं राहत नाही. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा, म्हणजे इंजिन न ठोकता जळण्याचं माप, पेट्रोलपेक्षा बराच वरचा असतो. ते निघून गेलं की वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो आणि चढाला इंजिन ठोकायला लागतं. म्हणून "खालचं पाणी काढलं, वरचं वापरू" हा काटकसरीचा विचार महागात पडतो.

पंपातून पाणी येतच नाही असं नाही. जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी शिरल्याची उदाहरणं आहेत. पण तेव्हा गाडी पेट्रोल भरल्या भरल्या, दोन-चार किलोमीटरमध्ये बंद पडते, आणि त्याच सकाळी त्याच पंपावर भरलेल्या आणखी दहा जणांची पडते. आमचे अण्णा पेट्रोलचा हिशेब डेअरीच्या जुन्या पासबुकाच्या मागे लिहितात. त्या तारखा आणि गाडी बंद पडल्याच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या. पेट्रोल भरण्याशी काही संबंध लागेना. रात्रभर लागून राहिलेल्या पावसाशी मात्र दर वेळी लागला.

रिझर्व्ह हा मोठा पुरावा

टाकीच्या आत कॉकवर दोन तोंडं असतात, एक उंच नळीचं, दुसरं जवळपास तळाशी. मेनवर गाडी उंच नळीतून पेट्रोल घेते, रिझर्व्हवर तळातून. पाणी तळाला बसतं. त्यामुळे मेनवर ठीक चालणारी गाडी रिझर्व्हला टाकल्यावर दोनशे मीटरमध्ये आचके देत बंद पडत असेल तर तळात पाणी आहे असं नव्वद टक्के समजा. उरलेले दहा टक्के गंज आणि कचरा, तोही तळालाच असतो.

यासारखाच दिसणारा पण वेगळा एक दोष आहे, त्यात फसू नका. गाडी दहा-पंधरा मिनिटं मस्त चालते, मग पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते. झाकण उघडलं की फस्स करून हवा आत जाते आणि परत पहिल्या किकला सुरू. हे पाणी नव्हे. झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. झाकण काढून साफ करा, विषय संपला.

भोक सापडलं

ऑगस्टमधली गोष्ट. रात्रभर पाऊस, आणि मी नेमका गावी. सकाळी टाकीकडे बघितलं तर झाकणाभोवतीच्या खोलगट जागेत पाणी काठोकाठ साचलेलं. नव्या गाडीत तिथे पाणी थांबत नाही, कारण त्या खळग्यात एक बारीक भोक असतं, त्याला आतून नळी जोडलेली असते आणि ती इंजिनाच्या मागे खाली उघडते. छपराच्या पन्हळीसारखी व्यवस्था. सगळ्या गाड्यांना ती असतेच असं नाही, पण बसक्या झाकणाच्या बहुतेकांना असते.

आमच्या नळीचं खालचं तोंड मातीने लिंपलेलं होतं. चिखल उडून नव्हे, व्यवस्थित गुळगुळीत लिंपलेलं. कुंभारमाशीचं काम. तिला बोटभर पोकळ नळी दिसली की घर बांधायची घाई. पाणी खाली जाईना, झाकणाच्या काठाशी तुंबून राही, आणि चौदा वर्षांत कडक झालेल्या झाकणाच्या रबरातून रात्रभर झिरपत राही. उन्हाळ्यात काहीच होत नाही, कारण साचायला पाणीच नसतं. तीन वर्षं आम्ही कार्बोरेटर धूत होतो!

तुमच्या गाडीचं तपासायला दोन मिनिटं लागतात. झाकण घट्ट बंद ठेवा, खळग्यात अर्धा कप पाणी ओता आणि खाली वाकून बघा. काही सेकंदांत इंजिनाच्या मागून धार लागली पाहिजे. नाही लागली तर पाणी आधी फडक्याने टिपून घ्या, मग क्लचच्या जुन्या केबलचा एक धागा काढून तो वरून हळू सरकवा. सायकलच्या पंपाने खालून हवा मारली तरी चालते, झाकण बंद असेल तर. जोर करू नका, नळी आत कुठे निसटली तर टाकी उतरवावी लागेल. नळी मोकळी झाली की झाकणाचं रबर बदला. बोटाने दाबल्यावर ते परत वर येत नसेल तर गेलंच म्हणायचं. किंमत चहापाण्याची, फक्त आपल्याच मॉडेलचं मागा.

सर्व्हिसिंगला धुताना प्रेशरची धार थेट झाकणावर मारतात, ती आजपासून बंद करा. उंच पाट्यावर उभं राहून तो पोरगा टाकी चकाचक करत असतो आणि आपण कौतुकाने बघत असतो.

टाकी रिकामी करताना

आत गेलेलं पाणी काढल्याशिवाय हे काम पुरं होत नाही. कॉकची नळी काढून रिझर्व्हवर सगळं पेट्रोल धातूच्या डब्यात उतरवा. कॉकचं खालचं तोंडही तळापासून थोडं वर असतं, म्हणून शेवटचा पेलाभर आत राहतो आणि सगळी गोम त्यातच असते. टाकी उतरवून, कॉक काढून, तिरकी करून निथळा. आत टॉर्च मारा. लालसर गंज दिसला तर ताज्या पेट्रोलने दोनदा खंगाळा. खोल गंज असेल तर टाकीचं काम करणाऱ्याकडे द्यावी लागेल.

निघालेलं पेट्रोल गटारात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका. इथेनॉल पाण्यात सहज मिसळतं. शक्य तर गॅरेजवाल्याला द्या.

रॉकेल, थिनर, सॅनिटायझर घाला म्हणजे पाणी विरघळेल, असे सल्ले मिळतील. एकदा थर पडलेलं पेट्रोल परत एकजीव करायच्या नादाला लागू नका. काढून टाका.

यानंतर कार्बोरेटर, आणि या वेळी शेवटचा. वाटी आणि दोन्ही जेट (पेट्रोल जायची बारीक भोकाची पितळी तोंडं), स्लो आणि मेन, स्प्रेने आणि हवेने साफ करा. जेटमध्ये सुई घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. वाटीच्या आतल्या भिंतीवर पांढरी पावडर दिसली तर ती धातू खाल्ल्याची खूण. पाणी आणि इथेनॉलचा तो तळथर जस्त-ॲल्युमिनियमला फार दिवस सुखाने राहू देत नाही. फ्लोटच्या (वाटीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाच्या) सुईचं रबरी टोक आणि वाटीचं पॅकिंग बघा. जुन्या गाड्यांतलं काही रबर जास्त इथेनॉलने फुगतं, मग सुई नीट बसत नाही आणि गाडी ओव्हरफ्लो होते. कॉकपासूनची पेट्रोलची नळी वाकवून बघा. तडे दिसले किंवा चिकट लागली तर बदला. इथे इथेनॉलला दोष द्यायला हरकत नाही, तो त्याचाच आहे.

आणखी एक गंमत. इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवतं. त्यामुळे साफसफाईनंतर पहिल्या दोन-तीन टाक्यांत परत कचरा येऊ शकतो. नळीत छोटा फिल्टर बसवून घ्या आणि महिन्याने बदला. घाबरून लगेच परत कार्बोरेटर उघडायला धावू नका.

एवढं करूनही सकाळी नखरे करत असेल तर

पाण्याचा प्रश्न संपल्यावर आमच्या गाडीचा आणखी एक बारका दोष वर आला. थंडीत पहिल्या दोन मिनिटांत थ्रॉटल दिला की अडखळायची. हे मिश्रण पातळ झाल्याचं लक्षण. निव्वळ पेट्रोलचा एक भाग जाळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो भोकाच्या मापाने जुन्याच प्रमाणात हवा-पेट्रोल देत राहतो आणि हवा जास्त पडते. त्यात इथेनॉलची वाफ व्हायला उष्णताही जास्त लागते. ब्राझीलमध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांत थंडीत सुरू करायला पेट्रोलची वेगळी छोटी टाकी देत असत, ती याचमुळे.

इंजिन गरम करून मिक्स्चरचा स्क्रू पाव फेरी फिरवला, आयडल परत लावलं, अडखळणं गेलं. कुठल्या बाजूला फिरवायचा ते कार्बोरेटरवर अवलंबून आहे. काहींत तो हवेचा असतो, काहींत पेट्रोलचा. प्लग बघून ठरवा. पांढराफटक असेल तर पातळ, विटकरी-तपकिरी असेल तर ठीक, काजळी असेल तर जास्त जाड. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्या जवळपास सगळ्याच कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या आहेत, सेन्सरवरून त्या हे काही प्रमाणात स्वतः सांभाळून घेतात. पण टाकीतलं पाणी त्यांनाही चालत नाही. किंबहुना त्यांचा पंप टाकीच्या तळातच बसलेला असतो आणि तो बदलायचा खर्च कार्बोरेटर धुण्यासारखा नाही. झाकणाची तपासणी त्यांनीही करावी.

मायलेजबद्दल विचारणार, माहीत आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की मुळात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्क्यांना जुळवलेल्या दुचाकींचं मायलेज २० टक्क्यांवर ३ ते ४ टक्के आणि चारचाकींचं ६ ते ७ टक्के घटेल. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी ऊर्जा असते, तेव्हा घट होणारच. ६० देणारी गाडी ५८ देईल. अण्णांची ६० वरून ४५ वर आली होती, ती इथेनॉलने नव्हे. मागचा ब्रेक घासत होता.

त्या ऑगस्टपासून कार्बोरेटर एकदाही उघडलेला नाही. गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर अण्णा आधी कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतात, म्हणजे वाटीत चिकटा धरत नाही, आणि टाकी अर्ध्याच्या वर ठेवतात. कुंभारमाशी दिवाळीच्या सुमारास परत आली होती. आता नळीच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा चौकोनी तुकडा दोऱ्याने बांधलाय, सैलसर. महिन्यातून एकदा वरून अर्धा कप पाणी ओतून धार लागते का ते बघायचं काम माझ्या पुतण्याकडे आहे. तो एक तांब्या ओततो.